खुनी कोण ते न फुटता एक कादंबरी दहा-बारा जणांत कशी फिरवायची?

तुम्ही विचारलंय की डिटेक्टिव्ह कादंबरीची कॉपी एकच आहे, वाचणारे दहा-बारा जण आहेत तेही वेगवेगळ्या गावचे, तर पुस्तक हरवू न देता आणि शेवट फुटू न देता ते फिरवायचं कसं. आम्ही खानापूर, बेळगाव आणि निपाणीकडचे मिळून अकरा जण सहा वर्षं झाली हेच करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिलं काम म्हणजे शेवट बंद करा. माझं खानापुरात शिलाईचं दुकान आहे त्यामुळे ही युक्ती हाताशीच होती. ब्राऊन पेपरची दोन बोटं रुंद पट्टी कापायची, शेवटच्या पंचवीस-तीस पानांच्या गठ्ठ्याभोवती बांगडीसारखी गुंडाळायची आणि पट्टीचं टोक पट्टीवरच चिकटवायचं, पानाला गोंद लागता कामा नये नाहीतर काढताना अक्षरंच निघून येतात. कव्हरच्या आतल्या बाजूला एक पाकीट चिकटवून त्यात तशाच दहा पट्ट्या घालून ठेवायच्या, ज्याचं वाचून झालं त्याने नवी पट्टी लावूनच पुस्तक पुढे द्यायचं. कुठून बंद करायचं ते मात्र मालकाने आधी स्वतः वाचून ठरवायचं. माझा अंदाज असा की डिटेक्टिव्ह सगळ्यांना एका खोलीत बोलावतो ना, त्याच्या एक पान अलीकडे पट्टी बसली पाहिजे.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. अमेरिकेत हार्पर नावाच्या प्रकाशकाने १९२९ पासून अशाच कादंबऱ्या काढल्या होत्या, शेवटचा भाग कागदी सीलने बंद, आणि सील न फोडता पुस्तक परत आणलं तर पैसे परत. लोकांना राहवणारच नाही हे त्याला पक्कं माहीत असणार. आम्हाला ते वाचूनच सुचलं.

त्याआधी आमचं एक पुस्तक अक्षरशः वाया गेलं होतं. तिसऱ्या का चौथ्या हातात असताना कुणीतरी साठाव्या पानावर एका माणसाच्या नावाखाली पेन्सिलने रेघ मारली आणि बाजूला लिहिलं, हाच. पुढच्या सात जणांचं वाचन तिथंच संपलं. कुणी लिहिलं ते मी शोधायला गेले नाही पण त्या सात जणांसाठी मला आजही वाईट वाटतं, कारण आमच्याकडे मराठीतलं नवं पुस्तक सहज मिळत नाही, बेळगावला नाहीतर कोल्हापूरला कुणी जाणार असेल तर सांगून ठेवावं लागतं, मग ते येणार, मग आपला नंबर लागणार, आणि एवढी वाट बघून हातात काय तर आधीच फुटलेलं कोडं.

दुसरं काम, अंदाज मागा. पट्टी तोडण्याआधी प्रत्येकाने खुनी कोण आणि कशावरून ते मला एकटीला व्हॉट्सॲप करायचं, ग्रुपवर एक शब्द नाही. अंदाज येऊच शकतो, कारण चांगला लेखक खुन्याला शेवटी आभाळातून पाडत नाही. रोनाल्ड नॉक्स नावाच्या एका इंग्रज पाद्र्याने १९२९ मध्येच रहस्यकथेचे दहा नियम लिहिले, त्यातला पहिलाच असा की गुन्हेगार गोष्टीच्या सुरुवातीच्या भागात येऊन गेलेला पाहिजे. म्हणजे तो आपल्या डोळ्यांसमोरून गेलेला असतो, आपण नीट बघितलेलं नसतं.

आमच्यात एक अक्का आहेत, घरचं बोलणं कन्नड, मराठी फाडफाड बोलतात पण देवनागरी शाळेत हिंदीपुरतीच शिकलेल्या, त्यामुळे मराठी पुस्तक बोट ठेवून ओळ न ओळ वाचतात. बाकीच्यांना आठवडा पुरतो, त्यांना वीस-बावीस दिवस लागतात. एकदा मागच्यांची कुरकुर सुरू झाली, अक्कांना शेवटी ठेवा म्हणून. मी दुकानात जाता-येता त्यांना विचारायची तर एकच उत्तर, "अजून वाचालोय की गे, थांब जरा." मग एका दुपारी ब्लाऊज न्यायला म्हणून आल्या, पुस्तक काउंटरवर ठेवलं, पट्टी जशीच्या तशी, आणि मेसेज टाइप करायला जमत नाही म्हणून कानाशी येऊन म्हणाल्या, "त्या घरातला मालक आठ दिवस गावाला गेला म्हणतात, मग दूध तेवढंच कसं घेतलं गे त्यांनी?" दुधाच्या हिशेबाची ती ओळ आम्ही सगळ्यांनी वाचली होती, एकालाही खटकली नव्हती. अकरा जणांत बरोबर उत्तर त्यांचं एकट्यांचं. पुस्तकाचं नाव मुद्दाम सांगत नाही, तुमच्या हातात कधी आलं तर ती ओळ तुमची तुम्हाला सापडू दे. तेव्हापासून आमच्यात मुदत महिन्याची आहे, सगळ्यांना सारखीच, आणि सावकाश वाचणाऱ्याला कुणी घाई करत नाही.

पुस्तक हरवण्याबद्दल. क्रम आधी ठरवा आणि तो गावांच्या रस्त्याने जाऊ दे, नावांच्या यादीने नको. आमचं पुस्तक खानापुरातल्या चौघांत फिरतं, मग खानापूर-बेळगाव अप-डाऊन करणारी एकजण ते घेऊन जाते, तिथून निपाणी, आणि शेवटी परत माझ्याकडे. अशा फिरत्या पुस्तकांची एक मोठी चळवळच आहे, बुकक्रॉसिंग, २००१ मध्ये अमेरिकेत सुरू झाली, त्यात मालकाकडे परत येणाऱ्या फेरीला रिंग म्हणतात आणि परत न येणाऱ्या फेरीला रे. डिटेक्टिव्हसाठी रिंगच ठेवा, कारण सगळ्यांचं झाल्यावर एकत्र बसून बोलायला पुस्तक समोर लागतं, कुठल्या पानावर आपण फसलो ते तिथंच उघडून दाखवायचं असतं.

शेवटची दोन-तीन पानं मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, हे अगदी विसरू नका. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, ती पातळ पुस्तकं माझे वडील लायब्ररीतून आणायचे, आणि ते सांगायचे की निम्म्या पुस्तकांचं शेवटचं पान गेलेलं असायचं. पुस्तक फिरलं की कव्हरच्या लगतचं पान आधी सुटतं, आणि इथं नेमकं तेच पान लाखमोलाचं.

पोस्टाने पाठवायचं तर १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट म्हणून पुस्तकांसाठी स्वस्त सेवा आहे, ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये असे दर ठेवले, टॅक्स वेगळा. ट्रॅकिंग मिळतं पण जातं रस्त्याने-रेल्वेने, म्हणून चार दिवस जास्त धरा, आणि आत काय घातलेलं चालतं ते काउंटरवर विचारून घ्या. एका खासगी कुरियरने आमचं एक पुस्तक हरवलं होतं, तेव्हापासून मी ट्रॅकिंगशिवाय काहीच पाठवत नाही.

तुमच्याकडे पाऊस किती ते माहीत नाही, पण आमच्या खानापूर तालुक्यात जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला जून ते सप्टेंबर कपाटातल्या पुस्तकालासुद्धा बुरा येतो. मी रेनकोटच्या कापडाची पिशवी शिवलीय, आत जुन्या सुती साडीचं अस्तर, वर फ्लॅप आणि दोन टिचबटणं. पान ओलं झालंच तर उन्हात टाकू नका, पानापानांत कोरा कागद घालून पंख्याखाली ठेवा. आणि पहिलं पुस्तक दोनशे पानांच्या आतलं घ्या, दसऱ्याच्या सुमारास सोडा, म्हणजे पहिल्या पाच-सहा जणांचं तरी कोरड्या हवेत वाचून होईल. पिशवीचं माप हवं असेल तर सांगा, कागदावर काढून फोटो टाकते.