मधेपुऱ्याची इंजिने आणि कंपनीची जबाबदारी

प्रश्न : आल्स्टॉम ही फ्रेंच कंपनी आपल्या रेल्वेला केवळ इंजिने विकते का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : नाही. २०१५च्या करारानुसार मालगाड्यांसाठी ८०० विद्युत इंजिने पुरवायची असून, त्यासाठी बिहारमधील मधेपुरा येथे उभारलेल्या कारखान्याच्या संयुक्त कंपनीत रेल्वेचा २६ टक्के हिस्सा आहे. २०२०पासून सेवेत आलेले हे १२,००० अश्वशक्तीचे इंजिन कायम जोडलेल्या दोन भागांचे असते आणि ब्रेक लावताना निर्माण होणारी वीज ते वरच्या तारेत परत सोडते. आम्हांला मात्र या इंजिनांची देखभालही कंपनीनेच करण्याची करारातील अट अधिक मोलाची वाटते. कारण इंजिन बनवणाऱ्यालाच ते चालते ठेवावे लागले, की बांधणीतील दोष त्याच्याच पदरी येतात. त्या देखभालीचे एक आगार सहारनपूरला, तर दुसरे आपल्याच नागपुरात आहे.