म्हापसा संपतो कुठे, पर्वरी लागते कुठे?

जमीन, घर, हद्द : वाचकांचे प्रश्न आणि एका निवृत्त सर्व्हेअरची उत्तरे

प्रश्न : माझे माहेर बस्तोड्याचे, सासर गिरीचे. लग्न होऊन आले तेव्हा ग्रीन पार्कपासून पर्वरीच्या चढणीपर्यंत हायवेच्या दोन्ही अंगांना शेते होती. आता फर्निचरची दुकाने, टाइल्सची गोदामे, गाड्यांच्या शोरूम. सासूबाई म्हणतात, आपण म्हापशात गेलो. मुलगा पत्ता सांगताना 'पर्वरीजवळ' म्हणतो. आम्ही आहोत तरी कुठे? आणि उद्या नगरपालिका आली तर घरपट्टी वाढेल का?
— एक वाचिका, गिरी, बार्देश

उत्तर : ताई, कागदोपत्री तुम्ही गिरी पंचायतीत आहात आणि तूर्त तिथेच राहाल. सासूबाईंचे म्हणणे मला पटते, कारण त्या बाजारहाटाच्या हिशेबाने बोलतात. शुक्रवारचा बाजार म्हापशाचा, देव बोडगेश्वराची जत्रा म्हापशाची, मग आपणही म्हापशाचेच. चिरंजीवांचे 'पर्वरीजवळ' मात्र दलालांच्या जाहिरातींतून आलेले दिसते. पर्वरी म्हटले की फ्लॅटला चार पैसे जास्त येतात.

गंमत अशी की पर्वरी नावाची पंचायतच नाही. ज्याला आपण पर्वरी म्हणतो ते सुकूर, पेन्ह-द-फ्रान्स, साल्वादोर दु मुंद अशा गावांच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, वसलेले आहे. विधानसभा तिथे, सचिवालय तिथे, पण दिवाबत्तीची तक्रार घेऊन जायचे तर आधी आपले गाव कोणते ते शोधायला लागते.

हे शहर झाले कसे ते थोडे सांगतो, कारण तुमच्या शेतांचे काय होणार ते त्यातच आहे. पूर्वी बार्देशकराला पणजी गाठायची तर बेतीची फेरीबोट. 1970 च्या सुमारास मांडवीवर पूल झाला तशी सड्यावर वस्ती येऊ लागली. 5 जुलै 1986 ला तो पूल कोसळला आणि पुन्हा सगळे फेरीच्या रांगेत. मी तेव्हा नोकरीत नवा होतो. टेप, साखळी आणि नकाशांची गुंडाळी काखेत मारून बेतीला उभा राहायचो, पावसात नकाशे भिजू नयेत म्हणून छत्री स्वतःवर न धरता त्यांच्यावर धरायची. कचेऱ्या पणजीत, घर बार्देशात, अशांचे त्या वर्षांत फार हाल झाले. पुढे 1992 ला नवा पूल आला आणि सड्यावरच्या प्लॉटांची मागणी एकदम वाढली. 2000 साली विधानसभा पर्वरीच्या नव्या इमारतीत गेली. 2019 ला अटल सेतू. आता चढणीवर उड्डाणपुलाचे काम, त्यासाठी खाप्रेश्वराचा जुना वडसुद्धा जागेवरून हलवला.

पण पूल आणि रस्ते तर खालच्या शेतांनाही तेवढेच जवळ होते. मग सडाच आधी का भरला? सड्यावर भात पिकत नाही. तिथे काजू, करवंदांची झुडपे आणि कातळ. कूळ नाही, भराव घालायला नको, पाया खणला की खाली जांभा दगड. खाली शेतात यातले प्रत्येक झंझट आहे. आपल्याकडचे शहर आधी सडे धरते आणि मग शेतात उतरते. पर्वरीचे जे झाले तेच बांबोळीच्या पठाराचे, तेच पणजी-जुने गोवे मार्गावरच्या कदंब पठाराचे.

तुमच्या गिरीच्या शेतांना आजवर तारले ते हायवे खात्याने नव्हे, कूळ कायद्याने. 1964 चा कूळ कायदा, त्याला 1976 ची पाचवी दुरुस्ती, म्हणजे कसणारा जमिनीचा मालक झाला. त्यावर 1991 चा भूवापर नियमन कायदा : कुळाकडे आलेली जमीन शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरायची नाही. 2023 ला आणखी एक कायदा आला, भातशेती बिगरशेतकऱ्याला विकायला बंदी घालणारा. एवढे कुंपण असूनही शेत भरते, ते कसे भरते हे मी मोजणीला जाऊन जाऊन पाहिले आहे.

पहिल्या वर्षी कोणी काही करत नाही, फक्त नांगरट बंद होते. पड शेत. शेजारी कुरकुरतो, कारण पडीक तुकड्यातून गवत आणि उंदीर त्याच्याकडे येतात. मग हायवेच्या कडेला झाडांची नर्सरी उभी राहते. कुंड्या, सिमेंटचे हत्ती, वर हिरवी जाळी. शेतीच आहे की, कोण हरकत घेणार? कुंड्यांखाली मात्र एक टिप्पर लाल माती पडलेली असते. शनिवार-रविवार कचेऱ्या बंद, तेव्हा आणखी काही टिप्पर. नंतर चिऱ्यांचे कुंपण, गाड्या धुण्याचा पंप, एक कंटेनर, त्यात चहा. आणि माती पडली की तुंबलेले पाणी पलीकडच्या शेतात शिरते, त्याचा बांध फुटतो, दोन पावसांत तोही कसणे सोडतो. एका तुकड्यावर भराव पडला की भोवतालच्यांची शेती जाते, कायद्याने कोणाच्या नावावर काही का असेना. हायवे रुंद करताना खाली किती मोऱ्या ठेवल्या आणि त्या कुठल्या उंचीवर, यावरही बरेच ठरते. ह्यूम पाइप शेताच्या पातळीपेक्षा वीतभर वर बसवला की अर्धे काम झालेच. ताई, तुमचे घर कुठेही असो, घराजवळची मोरी कुठे उघडते ते पावसाळ्याआधी बघून ठेवा, ती बुजली तर पंचायतीला लेखी कळवा, आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेले आपल्याकडे वाऱ्यावर जाते.

गावे जुळली म्हणजे काय, ते मी एका दगडावरून ओळखतो. दोन पंचायतींच्या हद्दीवरचा एक दगड मला चांगला ठाऊक होता, मोजणीला त्यावर टेप लावलेला. पूर्वी तो दोन शेतांच्या बांधावर एकटा असे. गेल्या वर्षी त्या बाजूने गेलो तर तो एका दुकानाच्या पायरीत बसवलेला, वर पांढरा ऑइलपेंट, आणि त्यावर एक जण हेल्मेट ठेवून मोबाइलवर बोलत होता. दुकानाची मागची भिंत एका पंचायतीत आणि काउंटर दुसऱ्या. परवाना कोणी दिला असेल, याचा मी बराच वेळ विचार केला.

नगरपालिकेबद्दल. जनगणनेत तुमचे गाव कधीच शहर झाले आहे! 5,000 लोकवस्ती, चौरस किलोमीटरला 400 माणसे आणि पुरुष कामकऱ्यांतले 75 टक्के बिगरशेती : हे तीन निकष लागले की जनगणनावाले गावाला शहर म्हणतात. 2011 ला गोव्यात अशी 56 गावे निघाली, गिरी, सुकूर, पेन्ह-द-फ्रान्स त्यांतली. पालिका आणि महापालिका मिळून खरी शहरे मात्र 14. म्हणून तर 62 टक्के गोवा शहरी असे पुस्तकात छापून येते आणि त्यातला मोठा भाग पंचायतीत राहतो. जनगणनेने शहर म्हटल्यामुळे घरपट्टी वाढत नाही. पालिका करायची तर सरकारला वेगळी अधिसूचना काढायला लागते. झाली तर कर बहुधा वाढेल, हे खरे. पण पाणी आत्ताच एका नळाचे आहे : म्हापसा असो की गिरी, बार्देश अस्नोड्यावर अवलंबून, आणि तिळारीचा कालवा फुटला की सगळ्यांचे नळ एकाच वेळी कोरडे. कचरा साळगावच्या सड्यावर 2016 पासून एकाच प्रकल्पात जातो. सांडपाणी तेवढे ज्याचे त्याच्या सोकपिटात, आणि सोकपिट शेजाऱ्याच्या विहिरीत. यासाठी कोणीतरी एकाने जबाबदारी घ्यायला हवी असे मला वाटते. तिचे नाव पालिका असलेच पाहिजे असे नाही.

प्रश्न : आमची धारगळला हायवेजवळ भातशेती आहे, काकांच्या नावे कूळ म्हणून. मोपा विमानतळ झाल्यापासून दलाल रोज फोन करतात. म्हणतात, दहा वर्षांत पेडणे ते म्हापसा एकच शहर होणार, आत्ताच 'अॅग्रीमेंट' करा. काय करावे?
— एक वाचक, धारगळ, पेडणे

उत्तर : बाब, सही करू नका. एवढे वाचून पान उलटले तरी चालेल.

पुढचे कारणांसाठी. मोपाला 2022 च्या डिसेंबरात उद्घाटन झाले, जानेवारी 2023 ला विमाने सुरू झाली, धारगळहून विमानतळाचा जोडरस्ता निघाला, आयुर्वेद संस्थाही तिथेच आली. म्हणजे दलालाचे निम्मे बोलणे खरे आहे, आणि अशा धंद्यात निम्मे खरे असणेच धोक्याचे. उरलेल्या निम्म्यात तो तुम्हाला हे सांगत नाही की कुळाच्या जमिनीला सनद मिळत नाही. महसूल कायद्याखाली बिगरशेती सनद नसेल तर घर काय, गाळा काय, उभा राहत नाही. मग तो आगाऊ पैसे कशाचे देतो? कायदा उद्या बदलेल या आशेचे. बदलला तर फायदा त्याचा, नाही बदलला तर तुमचे शेत पडीक आणि डोक्यावर दावा.

एक-चौदाचा उतारा काढा. कूळ म्हणून नाव कोणत्या रकान्यात आहे, काकांनी कूळ-खरेदीची किंमत भरून खरेदीचे प्रमाणपत्र घेतले आहे का, ते बघा. मग 2021 च्या प्रादेशिक आराखड्यात तुमचा सर्व्हे नंबर कोणत्या रंगात आहे ते नगरनियोजन कचेरीत विचारा. आणि नियोजन कायद्याच्या कलम 39-अ खाली जवळच्या जमिनींचे झोन बदलण्याच्या जाहिराती येतात, त्यांवर हरकत घ्यायला 30 दिवस असतात, त्या कोणीतरी घरात वाचत जा. तुमच्या वरच्या अंगाची टेकडी कापली तर तिची माती पहिल्या पावसात तुमच्याच मळ्यात येणार. लोकांनी नेट लावला तर आराखडा मागे घेता येतो. 2011 सालापर्यंतचा आराखडा 2007 ला सरकारने रद्द केला तो आंदोलनामुळेच.

काकांना विचारून बघा की त्यांना शेत खरोखर कसायचे आहे का. नसेल तर वाटेकरी शोधा. पडीक ठेवू नका.

प्रश्न : मी भूगोलाचा विद्यार्थी. पणजी आणि मडगाव हायवेने जुळतील का, असा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. एखादे जवळचे उदाहरण सांगाल?
— एक विद्यार्थी, कुठ्ठाळी

उत्तर : हुबळी-धारवाड बघ. दोन वेगळी गावे, मध्ये सुमारे 20 किलोमीटर. 1962 साली दोघांची मिळून एकच महापालिका केली, तेव्हा मधला पट्टा मोकळाच होता. आधी कारभार एक झाला, मग वस्ती भरत गेली. आपल्याकडे उलटे : वस्ती जुळते, कारभार सुटाच राहतो. धारवाडचा माणूस स्वतःला हुबळीचा म्हणवत नाही, ही आणखी एक नोंद करून ठेव.

पणजी-मडगावच्या मध्ये जुवारी नदी आहे, आणि आगशीची खाजने, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल शेते. तुझ्या गावचा नवा पूल 2022 च्या डिसेंबरात अर्धा आणि 2023 ला पूर्ण सुरू झाला, आठ पदरी. आधी पुलावर अडकणारी माणसे आता कुठ्ठाळीत घर घेऊन पणजीला नोकरी करतात का, हे विचारण्यासारखे आहे. वेर्ण्याचे पठार कारखान्यांनी भरले, बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालयाने 1993 पासून. आगशी आणि थोरले गोवे (गोवा वेल्हा) यांमधली सखल जमीन अजून सुटी दिसते. खाजनाचे मानस, म्हणजे पाण्याची दारे, कोण सांभाळतो ते आगशीत विचार. ज्या खाजनाचा मानस बिघडून पडला आहे तिथे भराव आधी पडेल, असा माझा अंदाज. तो चुकीचा निघाला तर प्रकल्पात तसे लिही, मला आवडेल. पुढची जनगणना 2027 ची, आणि तुझा प्रकल्प त्याआधी संपणार, तेव्हा 2011 चे आकडे जुने आहेत हे पहिल्याच पानावर नमूद कर.