कोल्हापूरहून ब्रिटनला: कॅन्सर पॅथॉलॉजी करायचं असेल तर

सायली,

तू विचारलंस, कोल्हापूरच्या सीपीआर हॉस्पिटलात पॅथॉलॉजीत एमडी झालं, आता ब्रिटनमध्ये कॅन्सरचं निदान आणि संशोधन दोन्ही करायचंय, तर आधी प्लॅब (परदेशी डॉक्टरांना तिथे द्यावी लागणारी परीक्षा) द्यावी की पीएचडीला अर्ज करावा? माझ्या मते दोन्ही नको. कोल्हापुरातच राहून एफआरसीपॅथची, म्हणजे ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ पॅथॉलॉजिस्ट्सच्या परीक्षेची, तयारी कर. तिच्या हिस्टोपॅथॉलॉजीचे (पेशीसमूह सूक्ष्मदर्शकाखाली बघून निदान करण्याचा विषय) दोन्ही भाग सुटले की जीएमसीच्या, म्हणजे तिथल्या मेडिकल कौन्सिलच्या, नोंदणीसाठी प्लॅब लागत नाही; इंग्रजीची परीक्षा, आयईएलटीएस (एकूण 7.5, प्रत्येक विभागात किमान 7) किंवा ओईटी, मात्र द्यावी लागते. पीएचडी मागाहून होते. विद्यापीठात नेमलेला पॅथॉलॉजिस्टही हॉस्पिटलात स्लाइड बघतोच, आणि रिपोर्टिंग कच्चं असेल तर तिथे निभाव लागत नाही.

भाग 1 लेखी आहे, वाचून निघतो. घोडं अडतं ते भाग 2 ला, आणि त्यासाठी इकडे ब्रिटनला यावंच लागतं. त्यात शॉर्ट केसेस 20, एकेकीला जेमतेम 10 मिनिटं. तोंडाचा स्क्वॅमस (अस्तराच्या पेशींचा) कॅन्सर आणि गाठीतला टीबी तू पटकन ओळखशील. पण त्वचा? आपल्याकडे मेलानोमा (त्वचेच्या रंगपेशींचा कॅन्सर) आला तर बहुधा तळपायाचा, वाढून व्रण पडलेला. इकडे स्लाइडच्या रोजच्या ट्रेमध्ये छोटे, चपटे, तिळासारखे दिसणारे असतात. ब्रेस्लो जाडी, म्हणजे मेलानोमा किती खोल गेलाय तो आकडा, त्वचेच्या वरच्या भागातल्या ग्रॅन्युलर लेयरच्या वरच्या कडेपासून सर्वांत खोल पेशीपर्यंत मोजायची. केसाच्या मुळालगत उतरलेल्या पेशी धरल्यास तर आकडा फुगतो. व्रण नसेल तर 0.8 मिलिमीटरच्या खाली टी1ए हा टप्पा, त्यापासून 1 पर्यंत टी1बी, आणि सेंटिनल नोड (कॅन्सर आधी जिथे पसरतो ती लसिकाग्रंथी) काढायचा का याची एमडीटीतली, म्हणजे सगळ्या तज्ज्ञांच्या बैठकीतली, चर्चा तिथूनच सुरू होते. समोर सर्जन तुझ्या आकड्याची वाट बघत बसलेला असतो. म्हणून त्वचा, आतड्याचे पॉलिप आणि प्रोस्टेटच्या कोअर बायोप्सी (सुईने काढलेले तुकडे) जिथे भरपूर येतात अशा मोठ्या विभागात, जमलं तर मुंबईच्या टाटा मेमोरियलला, काही महिने काढ.

आता संशोधन. इथे कन्सल्टंटचं (वरिष्ठ तज्ज्ञ डॉक्टरचं) काम पीएमध्ये, म्हणजे कामाच्या ठरावीक सत्रांत, मोजतात, पूर्णवेळ म्हणजे आठवड्याला 10, इंग्लंडमध्ये एक साधारण 4 तासांचा. संशोधनाचे पीए किती, हे करारात लिहून घे. तोंडी आश्वासनावर जाऊ नकोस; स्लाइडचे ट्रे साठले की आधी संशोधनाचाच वेळ जातो.

आणि संशोधनासाठी स्वतःचा प्रश्न घेऊन ये. पॅथॉलॉजिस्ट डॉ. वसंत खानोलकरांनी 1944 मध्ये मुंबईतल्या तोंडाच्या कॅन्सरच्या 1000 केसेसचा आढावा छापला, तो समोर येणाऱ्या रुग्णांवरूनच. तुझ्या विभागात मिश्री लावणाऱ्या बायकांचे, तंबाखू खाणाऱ्यांचे ब्लॉक (मेणात जपलेले तुकडे) असतील. एजेसीसीच्या (कॅन्सरचे टप्पे ठरवणारी अमेरिकन समिती) नियमावलीच्या आठव्या आवृत्तीपासून तोंडाच्या कॅन्सरच्या टप्प्यात गाठ किती खोल गेली हेही धरतात. 5 आणि 10 मिलिमीटर या सीमारेषा. जुन्या रिपोर्टांत ती खोली नसेल, तर एथिक्स कमिटीची परवानगी काढून स्लाइड पुन्हा मोज. व्यसन, जागा, खोली, मानेतल्या लसिकाग्रंथी, एवढं नीट मांडलंस तरी मुलाखतीत बोलायला तुझ्याकडे स्वतःचं काम असेल. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण इतकं तोंडाच्या कॅन्सरचं मटेरियल इथल्या बहुतेक विभागांत नसतं.

पगाराची काळजी करू नकोस, आरामात भागतं. आईबाबांचं मात्र आत्ताच बघ. त्यांना कायमचं इकडे आणायचे नियम 2012 पासून फार कडक आहेत. भेटीच्या व्हिसावर येतील आणि परत जातील. राजारामपुरीतलं घर, त्यांची दुखणीखुपणी कोण बघणार, हे भावाशी बसून ठरव आणि मगच परीक्षेची फी भर.