वाचकांची प्रश्नपेटी : मापात पाप केलं, आता फेड कशी?

प्रश्न : माझं किराणा दुकान आहे. काही वर्षं मी किलोमागे ५० ग्रॅम माल कमी दिला. बायबलमधल्या जक्कय या लोकांना लुबाडणाऱ्या जकातदारावरचं प्रवचन ऐकल्यापासून झोप नाही. चर्चच्या दानपेटीत रक्कम टाकली तर चालेल का?

उत्तर : दानपेटीनं हा हिशेब मिटत नाही. लूक १९:८ मध्ये जक्कय दोन रकमा वेगवेगळ्या सांगतो : अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडलं त्याला चौपट. एकीतून दुसरी तो वळती करत नाही. मोशेच्या नियमशास्त्रानुसार (बायबलच्या जुन्या करारातले नियम) स्वतःहून कबुली देणाऱ्याला मूळ रक्कम आणि वर तिचा पाचवा हिस्सा एवढंच भरावं लागे (गणना ५:७). चौपट दंड होता तो मेंढरू चोरून कापणाऱ्याला किंवा विकणाऱ्याला (निर्गम २२:१). जक्कयानं कबुली देऊनही स्वतःला चोराचाच दर लावला!

तुम्ही निदान पाचव्या हिश्शापासून सुरुवात करा. आधी काटा दुरुस्त करून वैधमापन विभागाकडून पडताळणी करून घ्या. इलेक्ट्रॉनिक काट्याला ती दरवर्षी लागतेच. मग उधारीची वही काढा. महिन्याला ५ किलो साखर नेणाऱ्या घराची २५० ग्रॅम गेली, म्हणजे वर्षाला ३ किलो. पाचवा हिस्सा धरून ३ किलो ६०० ग्रॅम. चौपट धरली तर १२ किलो. जिन्नसवार असा हिशेब करून आजच्या भावानं पैसे किंवा माल द्या. नाव-गाव ठाऊक नसलेल्या गिऱ्हाइकांचा अंदाजे वाटा गरिबांसाठी बाजूला काढा. दानपेटी आली तर इथे.

बहुतेक जण घसरतात ते पुढच्या पायरीवर. परतफेड नाताळची भेट म्हणून दिली की गिऱ्हाईक उलट तुमचेच आभार मानतं. ‘मी वजनात मारलं होतं, हे तुमचं,’ एवढं म्हणा. काट्यावर ढकलू नका.

प्रश्न : धाकट्या भावानं सामायिक विहिरीचं पाणी तोडलं. नातेवाइकांना सांगून पाहिलं, तो आणखी बिथरला.

उत्तर : क्रम उलटा झाला. मत्तय १८:१५ प्रमाणे पहिली भेट दोघांचीच, एकांतात. भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विषय गेला की त्याला पाणी सोडण्याआधी अब्रू राखावी लागते. तेव्हा आधी गावभर बोललात त्याबद्दल माफी मागा, मग पाण्याचंच बोला. आईच्या दागिन्यांसारखा दुसरा वाद मध्ये नको. नाही जमलं तर एक-दोघांना सोबत न्या, पण तुमची बाजू घेणारे नकोत. साक्षीदार दोघांचं ऐकायला असतात. त्यानंतर मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय. तरीही ऐकलं नाही तर त्याला ‘परराष्ट्रीय किंवा जकातदार’ समजावं, असं वचन आहे. याचा अर्थ वाळीत टाकणं असा घेतला जातो; आम्हाला तो पटत नाही. लोक ज्यांना पापी म्हणून टाळत, त्या जकातदारांच्या पंगतीला येशू स्वतः बसत असे. पाण्याच्या हक्कासाठी तलाठ्याकडे जरूर जा, पण त्याच्या घरचं लग्न चुकवू नका.

प्रश्न : नवरा मारतो. येशूनं सांगितलं तशी ‘सत्तर वेळा सात’ क्षमा करायची म्हणजे सोसत राहायचं का?

उत्तर : नाही. लूक १७:३ मध्ये आधी दोष दाखवणं आहे, मग पश्चात्ताप, मग क्षमा. आणि त्याला मारायला धोंडे उचलले गेले तेव्हा येशू तिथून निघून गेला (योहान ८:५९). मारहाणीत वरच्या उत्तरातली एकांतातली भेटही नको. आधी सुरक्षित घर गाठा. महिला हेल्पलाइन १८१, जिवाला धोका असेल तर ११२.