आयर्लंडमध्ये सेंट ब्रिजिडच्या दिवशी गवताचा क्रॉस का करतात? तो मूळचा ख्रिस्ती की त्याआधीचा? घरी करता येईल का?

‘गवताचा’ म्हणू नका, तिथूनच बिघडतं. तो रशचा असतो. रश म्हणजे पाणथळ कुरणात वाढणारी लव्हाळ्यासारखी वनस्पती: गोल हिरवी काडी, आत पांढरा मऊ गर. गरामुळे ओली काडी दुमडली तरी तुटत नाही. वाळली की घडीवरच फाटते, म्हणून काम संपेपर्यंत जुडी ओल्या फडक्यात ठेवा.

फूटभर लांबीच्या सोळा-वीस काड्या घ्या. एक उभी धरा. दुसरी मधोमध दुमडून पहिलीच्या कमरेला अडकवा, दोन्ही टोकं उजवीकडे. आता सगळं घड्याळाच्या उलट पाव फेरा फिरवा. ती टोकं वर येतील. तिसरी दुमडून वरच्या सगळ्या काड्यांवर घाला, टोकं पुन्हा उजवीकडे. परत पाव फेरा. असंच चालू ठेवलं की चार हात भरत जातात आणि मध्ये तिरकी चौकट विणली जाते. नवशिक्यांचं चुकतं ते दोन ठिकाणी: मध्यावर दाबलेला अंगठा सुटतो, नाहीतर एखादा फेरा उलटा पडतो. उलटा पडला तर तेवढ्या काड्या उसवा, पुढे रेटू नका. शेवटी चारही टोकं दोऱ्याने करकचून बांधा आणि कात्रीने सारखी करा.

काड्या मात्र उपटायच्या, कापायच्या नाहीत, असा रिवाज आहे. यावरून माझं अनेकांशी वाजलं आहे. कापलेल्या काड्यांचा क्रॉस ‘खोटा’ होत नाही हो! उपटल्यावर पूर्ण लांबी मिळते, हा त्यातला खरा फायदा.

क्रॉस ३१ जानेवारीच्या संध्याकाळी करतात आणि आग-रोगराईपासून राखण म्हणून दारावर किंवा छपराच्या वाशांत खोचतात. त्याच रात्री बाहेर ठेवलेलं कापड, ‘ब्रात ब्रीदे’, डोकेदुखीवर वापरायची चाल आहे. १ फेब्रुवारी हा ब्रिजिडचा दिवस; त्याच दिवशी जुन्या आयरिश पंचांगाप्रमाणे वसंत लागतो, त्या सणाचं नाव इम्बोल्क. ब्रिजिडच्या दिवसाची सार्वजनिक सुट्टी मात्र २०२३ पासूनची, आणि तीही बहुतेक वर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी.

मूळचा कुणाचा? ब्रिजिड नावाची देवी जुन्या आयरिश शब्दकोशात आहे, किल्डेअरच्या मठाची संत ब्रिजिडही आहे. पण कोगिटोसस या आयरिश मठवासी लेखकाने सातव्या शतकात लिहिलेल्या संतचरित्रात सूर्यकिरणावर वाळत घातलेला झगा आहे, क्रॉस नाही. तेव्हा क्रॉस ख्रिस्ती की त्याआधीचा, हे यावरून ठरत नाही; ‘हे तर आमचं स्वस्तिकच’ म्हणणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. चार हात वळलेले दिसतात ते विणीमुळे. तसे तीन हातांचेही क्रॉस असतात, ते गोठ्यात लावत.

रश मिळाला नाही तर गव्हाच्या काड्या कोमट पाण्यात भिजवून चालतील. आठवड्याने दोरे पुन्हा आवळा, वाळताना काड्या आक्रसतात.