बहीण सुखरूप आली, मग तिला झोप का येत नाही?

‘धाकटी बहीण सात वर्षांच्या मुलाला घेऊन युद्ध चाललेल्या शहरातून चार महिन्यांपूर्वी आमच्याकडे आली. मेहुणे तिथेच अडकलेत. ती रात्रभर फोन हातात धरून जागी असते. दार आपटलं तरी मुलाला जमिनीवर ओढते. तो ठोकळ्यांची घरं रचतो आणि “बॉम्ब पडला” म्हणत पाडतो. आम्ही सांगतो, आता सुरक्षित आहेस, विसर सगळं. ती चिडते, नाहीतर गप्प होते. एकदा तिला सगळं बोलायला लावू का? की झोपेची गोळी आणून देऊ?’

प्रिय मैत्रिणी,

बोलायला लावू नका. घडलेलं सगळं एका बैठकीत वदवून घेतलं की मन मोकळं होतं, असं पूर्वी मदतीला जाणारी माणसंही मानत. पण त्यामुळे पीटीएसडी, म्हणजे भयंकर अनुभवानंतर मागे राहणारा मानसिक आजार, टळत नाही, काहींचा त्रास उलट वाढतो, असं अभ्यासांतून दिसलं आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही ही पद्धत वापरू नका असं सांगितलं. ती आपणहून बोलली तर हातातलं काम ठेवून ऐका. अर्ध्यावर थांबली तर ‘पुढे काय झालं?’ विचारू नका.

आणि ‘विसर’ हा शब्द घरातून काढूनच टाका. आवाज आला की विचार न करता मुलाला खाली ओढायचं, हे तिचं शरीर तिथे शिकलं. जीव वाचवणारी ती सवय इथे आल्याबरोबर कशी सुटेल? तिला वेड लागलेलं नाही, ती कमकुवतही नाही. २०१९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अंदाजानुसार युद्धग्रस्त भागात कोणत्याही वेळी सुमारे २२ टक्के लोकांना नैराश्य, चिंता, पीटीएसडी यांसारखा मानसिक विकार असतो. म्हणजे पाचातल्या एकाला. ‘आता तरी सावर’ असं त्यांना म्हणणं मला फार निष्ठुर वाटतं.

भाच्याचा खेळ थांबवू नका. जे सांगता येत नाही ते मुलं खेळून दाखवतात. जवळ बसा, त्याची इच्छा असेल तर पडलेलं घर पुन्हा रचायला हात लावा. मात्र तोच खेळ तसाच चालू राहिला, खेळून तो आणखी घाबरू लागला किंवा अंथरूण ओलं करू लागला, तर त्यालाही तज्ज्ञाला दाखवा. बहिणीला विश्रांती मिळावी म्हणून त्याला दुसऱ्या नातेवाइकाकडे पाठवायचा विचार असेल तर तो सोडा. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना ॲना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या मुलांच्या मनाचा अभ्यास करणाऱ्या दोघी मुलांसाठी निवासी पाळणाघरं चालवत होत्या. आईपासून झालेली ताटातूट लहान मुलांना बॉम्बपेक्षाही जास्त हादरवते, असं त्यांना दिसलं.

गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका. पहिल्या काही आठवड्यांतला असा त्रास अनेकांचा आपोआप ओसरतो, पण इथे चार महिने झालेत. मानसोपचारतज्ज्ञांकडे जायची वेळ आली आहे. आघातावर काम करणारी मानसोपचार पद्धती आज उपलब्ध आहे आणि तिचा गुण येतो. तिथे तज्ज्ञाबरोबर, तिला पेलेल तेवढंच बोललं जातं. तारीख, वेळ तिलाच ठरवू द्या. गेले कित्येक महिने तिच्या आयुष्यातलं काहीच तिच्या हातात नव्हतं. ‘जगणं नकोसं होतं का गं?’ हे मात्र स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. ती ‘हो’ म्हणाली तर एकटी सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

फोन हिसकावू नका; नवरा तिथे असताना ती तो सोडणार नाही आणि तिचं बरोबरच आहे. फोनवर येणारे स्फोटांचे व्हिडिओ मात्र तिला पुन्हा पुन्हा तिथेच नेऊन उभं करतात. तिला विचारून बातम्यांच्या सूचना बंद करा, मेहुण्यांच्या कॉलला वेगळी रिंग लावा आणि रात्री काही तास ती रिंग ऐकायची पाळी तुम्ही घ्या. वाजली की लगेच उठवीन, असा शब्द द्या आणि खरंच उठवा, पहाटेचे तीन वाजले असले तरी.