पूर्वताण की पूर्वदाब?

चेंबूरच्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलंय : नववीच्या मुलांपुढे अतिवाहक चुंबकांवर, म्हणजे अतिशय गार केल्यावर विजेला रोध न करणाऱ्या तारांच्या चुंबकांवर, मराठीत बोलायचं आहे. चुंबकाचं वेटोळं बनवताना त्याला जो ‘प्रीस्ट्रेस’ (आधीच देऊन ठेवलेलं बल) देतात त्याला ‘पूर्वताण’ म्हणू का? आणि थंड केल्यावर वेटोळं ‘आटतं’ हे बरोबर का?

बाई, पूर्वताण नको. परिभाषेत स्ट्रेसला प्रतिबल म्हणतात. त्यात ओढ आणि दाब दोन्ही येतात. पण मुलांच्या कानाला ताण म्हणजे ओढलेली दोरी. पुलाच्या काँक्रीटमध्ये पोलादी तारा निदान खरोखर ताणलेल्या असतात. इथे तार गुंडाळताना ताणून धरतात, तेवढाच काय तो ताण. पुढे सगळं वेटोळं दाबलं जातं. जिनिव्हाजवळच्या एलएचसी या कणांना वेग देणाऱ्या महायंत्रात 15 मीटर लांबीचे 1232 द्विध्रुवी चुंबक आहेत. त्यांच्या वेटोळ्यांभोवती पोलादी कॉलर (गळपट्ट्यासारखी कडी) मोठ्या दाबयंत्रात घालून पक्क्या केल्या आहेत. म्हणून ‘पूर्वदाब’ म्हणा, आणि क्रियापद घ्या ‘आवळणे’.

इतकं आवळायचं कशासाठी? कुर्ल्याला आमच्या सोसायटीच्या पंपाची मोटार भरायला दिली होती. कारागिराने खाचांत तारा भरल्या, वरून बांबूच्या चपट्या पाचरी सरकवल्या, टोकं दोऱ्याने करकचून बांधली आणि मग वॉर्निश पाजलं. तार ढिली राहिली की थरथरते आणि तिचा लेप झिजतो. अतिवाहक चुंबकात तर 1.9 केल्विनला (सुमारे उणे 271 अंश सेल्सिअस) धातूची उष्णता सामावण्याची ताकद इतकी कमी होते, की तार काही मायक्रॉन जरी सरकली तरी त्या घर्षणाने तेवढी जागा तापून अतिवाहकता जाऊ शकते.

गंमत पुढे आहे. पोलादी कॉलरपेक्षा आतलं वेटोळं थंडीत जास्त आकसतं, त्यामुळे खोलीच्या तापमानाला दिलेला दाब गार होताना उतरतो. तो उतरेल हे धरूनच आधी जास्त आवळावं लागतं. नायोबियम-टिन या अतिवाहक पदार्थाच्या नव्या चुंबकांत हे धोक्याचं ठरतं. ते वेटोळं गुंडाळल्यावर सुमारे 650 अंश सेल्सिअसला भाजतात, मग ते ठिसूळ होतं. दाब साधारण 150 मेगापास्कलच्या पुढे गेला की धोका. म्हणून बाहेरून ॲल्युमिनियमचं कवच घालतात. आत पाण्याच्या दाबाने पातळ पिशव्या फुगवून फट उघडतात, तीत धातूच्या पाचरी सारतात आणि पिशव्या रिकाम्या करतात. इंग्रजीत या पाचरींना ‘की’ म्हणतात, पण आपली पाचर चपखल आहे. ‘किल्ली’ अजिबात नको. खोलीच्या तापमानापासून 4 केल्विनपर्यंत ॲल्युमिनियम मीटरमागे सुमारे 4 मिलिमीटर आकसतं, आतलं लोखंड सुमारे 2. म्हणजे कवच गार होता होता स्वतःच आवळत जातं आणि दाब चढतो. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात आणि पाणी ओतलं की ती लाकडाला घट्ट धरते, तेच हे. मुलांना धावेपासून सांगा, चुंबकावर मग या.

राहिलं ‘आटणे’. दूध आटतं, विहीर आटते, धुतलेला सदराही आटतो. तो पुन्हा मापात येत नाही. धातूला ‘आकसणे’ म्हणा. चुंबक परत खोलीच्या तापमानाला आणला की कवच आपल्या लांबीवर येतं आणि पाचरींवरचा दाब पुन्हा उतरतो.